दुपारचं रडणं

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून कान धरते. माझेच. तुझे धरून उपयोग नाही, हे तूच सांगतेस.

मला नवं काम मिळालंय. हॉस्पिटल तेच, पण आता पेशंटची रांग नाही, अभ्यास आहे. ब्लड प्रेशरची एक जुनी गोळी आहे, पांढरी, मधे रेघ असलेली. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांच्या स्तनात साध्या गाठी जास्त होतात का, हे आमच्या सरांना शोधायचंय. साध्या म्हणजे कॅन्सरच्या नव्हेत, जिवाला धोका नसलेल्या. मी अशा बायकांना बोलावते, तपासते आणि सगळं विचारून घेते. सुरुवातीला बायका छताकडे बघत उत्तरं द्यायच्या. मग मी चहा ठेवायला लागले. आता एकेक बाई सासूपासून सुरू करते, गाठीपर्यंत यायला तास लागतो.

लिहायचं कारण वेगळंच. मागे आले होते तेव्हा तुझ्या खिडकीत गोळ्यांची पट्टी पाहिली होती. ती हीच ना? तुला कधी छातीत गाठ लागली, दुखलं, काही वाहिलं? लाजू नकोस. तू मला आंघोळी घातल्यास, आता मी डॉक्टर आहे. फिटंफाट.

तुझी
ठकू


१७ फेब्रुवारी

चि. ठकूस,

भरपूर आशीर्वाद. तुझं पत्र मी पोस्टमनसमोरच फोडलं. तो विचारतो, काय खुशाली? मी म्हटलं, भाची माझी चौकशी करतेय. कसली ते नाही सांगितलं.

गोळी तीच. डॉक्टरांनी सुरू केल्यापासून एक दिवस चुकवलेली नाही. गाठबिठ काही नाही. या वयात तिथे काय व्हायचंय? दोरीवर विसरलेल्या मोज्यांची कोण विचारपूस करतं!

बाकी माझं बरं चाललंय. कारखाना सुटून इतकी वर्षं झाली, पण हात अजून बाटली उजेडासमोर धरायला जातो. परवा पाण्याचा पेला धरून काचेत बुडबुडा आहे का बघत बसले. कानाचं यंत्र डबीत ठेवून दिलंय. नुसती खरखर. बाटल्यांच्या खणखणाटाने कान खाल्ले ते खाल्ले, आता त्यांना उकरून काय मिळणार? शांततेची सवय झाली.

एक विचारते, हसू नकोस. या गोळीने ऐकायला येतं का? म्हणजे गेलेले कान परत येतात का?

तुझी
मावशी


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हसले नाही. कान परत येत नाहीत. पण तुझा प्रश्न वाचला आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

कारण सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी तिघींनी मला एकच गोष्ट सांगितली. तपासणी झाल्यावर, निघता निघता, दाराशी घुटमळत. त्यांना दुपारी तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं. घरात बाळ नाही. या तिघी एकमेकींना ओळखत नाहीत. पहिलीला मी म्हटलं, शेजारी असेल. दुसरीला म्हटलं, झोप कमी होतेय. तिसरी बेकरी चालवते. चांगली धिप्पाड बाई, पिठाचं पोतं एकटीने उचलते. ती म्हणाली, "डॉक्टर, मी भुताखेतांतली नाही. पण माझ्या भट्टीमागच्या भिंतीत कुणीतरी भुकेलं आहे."

तुला काय ऐकू येतं? खरं लिही. आणि गाठीचंही खरं लिही. तू 'गाठबिठ' म्हणालीस. तू बिठ लावलंस की काहीतरी असतंच.

ठकू


४ मार्च

चि. ठकूस,

पकडलंस.

डावीकडे गाठ आहे. वाटाण्यापेक्षा मोठी, बोटाखालून साबणाच्या वडीसारखी सटकते. थंडी पडायला लागली तेव्हापासून. तुझी आई असल्याच एका गाठीने गेली, आता मावशीचंही तेच ऐकून तू धावत सुटली असतीस, म्हणून बोलले नाही. तिनेही असंच कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही बहिणी एकाच साच्यातल्या.

दुसरी गोष्ट लिहिताना पेन थांबतंय. मला दूध येतं. मला! लग्न नाही, पोर नाही. पहिल्यांदा वाटलं अंगावर चहा सांडला. पण चहा केलाच नव्हता.

आता रडणं. जेवण झालं, भांडी घासली की मी खिडकीत बसते. खालून ट्रक जातो, मला नुसती काच थरथरताना दिसते. समोरचा सुतार करवत चालवतो, नुसता हात पुढे-मागे. सगळं जग मुकं. आणि त्या मुक्या जगात ते रडणं, अगदी कानाशी. बारीक, चिरकं, भुकेचं. आधी छाती दगडासारखी होते, मग दूध उतरतं, मग आवाज येतो. क्रम बदलत नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला विचारलं, इमारतीत कुणाचं बाळ रडतं का? म्हातारा असला तरी कान तिखट. माझ्याशी तो तोंड मोठं करून सावकाश बोलतो, म्हणजे मला ओठ वाचता येतात. म्हणाला, "मावशी, तुम्हाला ऐकू आलं?" मी हसले, तोही हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

आधी तुझ्यावर चिडून घेते. चिडले. आईच्या वेळी मी सात वर्षांची होते, मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी माझंच ऐकायचं. सोबत दिलेली चिठ्ठी घेऊन उद्याच्या उद्या तुझ्या डॉक्टरांकडे जा. गाठीतून सुईने थोडा नमुना घेतील. दुखेल म्हणायच्या आत सुई बाहेर आलेली असेल.

दुधाचं घाबरू नकोस, लाजू तर मुळीच नकोस. ही गोळी मेंदूतल्या एका ग्रंथीला फसवते. शरीराला वाटतं, बाळ झालंय. मग मेंदू बहुतेक त्याला साजेसा आवाजही रचत असावा. ऐकू न येणाऱ्या माणसांना भास होतातच, रिकाम्या घरात उंदीर शिरावेत तसे. सर म्हणाले, गोळी बदला, सगळं थांबेल.

तिघींच्या गोळ्या मी बदलून दिल्या. तुझ्यासाठीही नवीन गोळी चिठ्ठीत लिहिली आहे. जुनी त्याच दिवशी बंद कर.

ठकू


१ एप्रिल

चि. ठकूस,

सुई झाली. नमुना तपासून आला, गाठ साधी आहे. डॉक्टर म्हणाले, असू दे, तुमच्याबरोबर म्हातारी होईल.

गोळी बदलली. आता काही ऐकूबिकू येत नाही. काळजी करू नकोस. जेवत जा.

मावशी


७ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले, खरंच! किती दिवसांनी दुपारपर्यंत झोपले.

इथेही सगळं ठीक. तिघींच्याही कानातलं रडणं थांबलं. बेकरीवाल्या बाई पिशवीभर गरम पाव घेऊन आल्या. "गोळी बदलली आणि भिंत गप्प झाली," म्हणाल्या. पाव सगळ्यांनी खाल्ले, सरांनी दोन. अभ्यासाचं लिखाण सुरू केलंय. गाठी जास्त दिसताहेत, पण सगळ्या साध्या. भासांबद्दल एक परिच्छेद मी घातलाय. सर म्हणतात, आपण गाठी मोजतो, भुतं नाही. बघू.

ठकू


२० एप्रिल

ठके,

हे पत्र बसून वाच.

मी तुला खोटं लिहिलं होतं. नव्या गोळ्यांची पट्टी फोडलेलीच नाही. जुनीच घेत राहिले. का, ते मला धड सांगता येत नाही. दुपार झाली की कुणीतरी मला हाक मारत होतं. आयुष्यात एवढी गरज माझी कुणाला लागली होती? तुझ्या चिठ्ठीवरून ते बंद करायचं म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर दार लावायचं, असं वाटलं.

परवा रडणं बदललं. तुटक झालं. मधेच थांबायचं, मग लागायचं, मग जास्त वेळ थांबायचं. मी पायात चपला घातल्या आणि निघाले. जिना उतरले तर आवाज वाढला. मागच्या बोळात आले तर आणखी वाढला. मागच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक निळं दार आहे, तिथे तो एवढा मोठा झाला की मला कानांवर हात ठेवावे लागले. मी दार ठोकत होते. माझं ठोकणं मला ऐकू येत नव्हतं, आतलं रडणं येत होतं.

शिंपी माझ्यामागून धापा टाकत आला. शेजारची दारं उघडली. लोक हातवारे करायला लागले, म्हातारीला आवरा. शिंपी मला म्हणाला, "मावशी, आत काही नाही. सगळं शांत आहे." मी त्याला म्हटलं, सुताराला आण, नाहीतर मी डोकं आपटेन. तो आणायला गेला. माझ्या तोंडाकडे बघूनच गेला असणार.

सुताराने कडी उचकटली. आत एक मुलगी जमिनीवर पडलेली, तापाने फणफणलेली, शुद्ध नाही. तुझ्यापेक्षाही लहान. नवरा बोटीवर कामाला, महिनोन् महिने बाहेर. आणि भिंतीशी टोपलीत, टॉवेलात, ते. माकडाच्या पिल्लाएवढं. तोंड उघडलेलं, मुठी आवळलेल्या, कपाळाच्या शिरा टरारलेल्या.

मी म्हटलं, "बघा! रडतंय!"

सुतार शिंप्याकडे बघायला लागला. शिंपी माझ्यासमोर आला, माझे खांदे धरले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मावशी, त्याला आवाज नाहीये."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. त्याच्या गळ्यात जन्मापासून दोष आहे. ते रडतं, पण आवाज फुटत नाही. जन्मल्यापासून कुणीही त्याचं रडणं ऐकलेलं नाही. शेजारी म्हणायचे, काय गुणी बाळ! आईला दूध नव्हतं, साखरेच्या पाण्यावर ठेवलं होतं बिचारीने. मग तीच पडली.

गाडी यायला वेळ लागला. तोवर मी काय केलं ते तू समजून घे. सुतार आणि शिंपी जिन्यात जाऊन पाठ करून उभे राहिले. पिल्लू घट्ट धरून प्यालं. आणि ठके, त्याने तोंड लावलं आणि रडणं थांबलं. माझ्या कानात ट्रक नाही, करवत नाही, काही नाही. नेहमीची शांतता झाली.

दोघंही जगतील म्हणतात.

मावशी


२६ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र किती वेळा वाचलं सांगता येत नाही. तू खोटं लिहिलंस यावर मी रागवायला हवं. नाही रागवता येत. गोळ्या अंगात असताना दूध पाजायचं नसतं, हेही डॉक्टर म्हणून लिहायला हवं. लिहिलं, झालं.

मी सरांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "तुझ्या मावशीने जिन्यात काहीतरी पाहिलं असेल. बाहेर वाळत घातलेली दुपटी वगैरे. मन जोडतं सगळं." असेलही. तू काही पाहिलं होतंस का गं? दुपटी, दुधाचा डबा, काहीही?

कारण मला त्या तिघी आठवताहेत, मावशी. मी त्यांच्या गोळ्या बदलल्या.

उद्यापासून एकेकीकडे जाऊन येते.

ठकू


३ मे

चि. ठकूस,

त्या बोळात मी कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. तिथे कचऱ्याचे डबे असतात. दुपटी कुठली आणि काय कुठलं!

पिल्लाची आई घरी आली. रोज सकाळी मला भेटायला येते, टोपली माझ्याकडे ठेवून थोडी झोपते. पिल्लू गालाने भरतंय. आता त्याचं पोट बाटलीने भरतं. ते रडतं तेव्हा मला तोंड बघूनच कळतं. आम्ही दोघं एकमेकांना शोभतो, एकाला आवाज नाही, एकीला कान नाहीत.

तू त्या बायकांकडे जाऊ नकोस. गेलीस तर एकटी जाऊ नकोस. तुला मी ओळखते.

मावशी


१८ मे

प्रिय मावशी,

जाऊन आले. एकटीच.

पहिल्या बाईंच्या वरच्या मजल्यावर एक बाळ आहे. गुटगुटीत आहे. मधे त्याला दूध पचत नव्हतं, आता पचतं. मी त्याला उचलून घेतलं, त्याच्या आईला मी वेडी वाटले असेन. दुसऱ्या बाईंच्या बाजूला जुळी आहेत, दोन्ही रांगताहेत. मी जिन्यात बसून हसले. वाटलं, सुटले.

बेकरीत मी शेवटी गेले. भट्टीमागच्या भिंतीला लागून एक खोली आहे, तिचं दार पलीकडच्या रस्त्यावर. आता तिला कुलूप आहे. खोलीचा मालक कोपऱ्यावरच किल्ल्या बनवतो. त्याने सांगितलं, लाँड्रीत काम करणारं जोडपं होतं, दोघंही दिवसभर बाहेर. दुपारी बाळ एकटंच असायचं. अंगच धरत नव्हतं. मार्च संपता संपता गेलं. न्यूमोनिया लिहिलाय. मग ते दोघं खोली सोडून गेले.

मार्च संपता संपता. मी गोळी बदलली ती मार्चच्या सुरुवातीला.

बेकरीत परत आले. बाई कणीक मळत होत्या. मी सांगणार नव्हते, पण त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी सांगितलं. त्यांचे हात कणकेत तसेच राहिले. मग त्या म्हणाल्या, "गोळी बदलली नसती तर मी भिंत फोडली असती का हो डॉक्टर? की कानात कापूस घातला असता?" उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं बहुतेक. त्यांनी कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि दुकान बंद केलं. भर दुपारी.

न्यूमोनियाने बाळं जातात. मी हे शिकलेली आहे. त्याचा गोळीशी काही संबंध लावता येत नाही, लावूही नये. सरांनी तो परिच्छेद काढून टाकला, बरंच केलं.

तुला गोळी बंद कर असं मी आता म्हणणार नाही. घेत राहा, असंही म्हणवत नाही.

मी ठीक आहे. झोप लागते. रडले वगैरे नाही.

ठकू


१ जून

चि. ठकूस,

तुझं पत्र पोचलं. त्यावर मी काय लिहिणार? ते बाळ तू मारलं नाहीस. त्याला एकटं ठेवणाऱ्यांनीही मारलं नाही, पोटासाठी गेले होते बिचारे. मी नाही का पट्टी न फोडता तुला खोटं लिहिलं? ते खोटं चुकून बरोबर पडलं. तुझं खरं चुकून उलटं पडलं. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

दोन ओळी लिही. जेवतेस का, एवढं तरी.

मावशी


१४ जून

ठके,

तुझं पत्र नाही.

जुनी गोळी चालूच आहे, आणि मला सोमवारपासून परत ऐकू येतंय. आधी वाटलं, पिल्लूच. पण ते माझ्या मांडीवर होतं, अंगठा चोखत माझ्याकडे बघत होतं. मी त्याला आईकडे दिलं आणि जिना उतरले. आवाज वाढला नाही. बोळात गेले, पार नाक्यापर्यंत चालत गेले, कमीही झाला नाही. या रडण्याला बाजूच नाही. जिथे उभी राहीन तिथे तेवढंच.

आणि हे तान्ह्याचं रडणं नाही.

हुंदका आत ओढून घेतलेला. मधे थांबून, कुणी ऐकतंय का याचा अंदाज घेऊन, पुन्हा. असं रडणारं एकच माणूस मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा तू कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली होतीस. मी बाहेर जमिनीवर बसून ऐकत होते, तेव्हा माझे कान शाबूत होते. बाहेर आलीस, डोळे टोमॅटोसारखे, आणि मला म्हणालीस, मी रडले नाही.

शिंप्याला तुझ्या हॉस्पिटलात फोन करायला लावला. तो बोलत होता आणि मी त्याचा चेहरा बघत होते. फोन ठेवून तो म्हणाला, "डॉक्टरबाई कितीतरी दिवस कामावर आलेल्या नाहीत. आजारी आहेत असं कळवलंय. घरी कुणी गेलं तर दार उघडत नाहीत."

काल संध्याकाळपासून तुझं रडणं तुटक व्हायला लागलंय. मधे थांबतं. थांबतं ते फार वेळ थांबतं. मला ते थांबणं माहीत आहे.

पिल्लाच्या आईने माझी पिशवी भरून दिली, शिंपी गाडीत बसवून द्यायला येतोय. सकाळची पहिली गाडी आहे. हे पत्र पोस्टात टाकलं तर माझ्यामागून पोचेल. म्हणून बरोबरच आणतेय. दाराखालून तुला हेच सरकवीन.

काही खाल्लं नसशील तर मी आल्यावर खा. काही बोलू नकोस, समजावून सांगू नकोस, मला तसंही ऐकू येणार नाही. मी दार वाजवीन. तू आतून कोण म्हणून विचारलंस तर तेही मला ऐकू यायचं नाही. तेव्हा विचारत बसू नकोस.

ऊठ, आणि कडी काढ.

मावशी